विषारी वायू : माणसाचे चाकर आणि माणसाचे काळ



वसंत व्याख्यानमालेला येणारा श्रोता बहुधा साहित्याची, संतांची किंवा इतिहासाची अपेक्षा मनात धरून येतो. अशा प्रसन्न संध्याकाळी विषारी वायूंचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याचा रस वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. तरी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आणि याच दिवसांसाठी निवडला. चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी तळाला जाते. गाळ काढायची, झरे मोकळे करायची, आटलेल्या विहिरीत इंजिन उतरवायची कामे गावोगाव निघतात. वरवे बुद्रुकला किंवा भोरच्या कोणत्याही गावाला ही कामे नवी नाहीत. आणि याच दिवसांत वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात ती बातमी पुन्हापुन्हा येते : विहिरीत उतरलेल्या एकाला काढावयास दुसरा उतरला, दुसऱ्याला काढावयास तिसरा.

नेवासे तालुक्यातील वाकडी गावी ९ एप्रिल २०२४ रोजी घडलेली हकीकत आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आली असेल. दिवस गुढीपाडव्याचा होता. एका पडक्या विहिरीचा उपयोग गोबरगॅसच्या खड्ड्यासारखा केलेला होता. तीत शेणाची रबडी साठलेली होती. त्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढावयास एकजण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यासाठी दुसरा उतरला. अशी सहा माणसे एकामागून एक आत गेली. त्यांतली पाच दगावली. सहावा वाचला. तो का वाचला, हेच आमच्या आजच्या साऱ्या बोलण्याचे सार आहे. उतरण्यापूर्वी त्याने कमरेला दोर बांधला होता.

ही माणसे मूर्ख होती काय? मुळीच नव्हेत. मुक्या जनावरासाठी जीव तळमळणारी, आपल्या माणसाला अंधारात टाकून न पळणारी अशी ती माणसे होती. ज्या गुणांनी माणूस माणूस ठरतो, त्याच गुणांनी त्यांचा घात केला. म्हणून वायूंची माहिती ही केवळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची चीज नाही. जिथे माया आहे तिथे तिच्या सोबतीला हे ज्ञान असलेच पाहिजे, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे पाहू, की वायू माणसाला मारतो म्हणजे नेमके काय करतो. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत म्हणजे प्राणवायूची जागा बळकावणे. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात शंभरात सुमारे २१ भाग प्राणवायू आणि ७८ भाग नत्रवायू असतो. कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जेमतेम ०.०४ भाग असतो. हा शेवटचा वायू हवेच्या दीडपट जड आहे. खोल, बंद, वारा न फिरणाऱ्या जागी तो पाण्यासारखा तळाशी साचतो. तेथे प्राणवायू शंभरात १० भागांच्या खाली गेला, की माणूस ओरडण्याच्या आतच बेशुद्ध होतो. गुदमरल्याची जाणीवही त्याला पुष्कळदा होत नाही. पाय लटपटतात आणि तो खाली बसतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, चक्कर आली.

दुसरी रीत अधिक कपटी आहे. प्राणवायू भरपूर असतो, परंतु शरीराला तो वापरता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील तांबड्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून निजणारे, कोंदट न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणारे आणि विहिरीच्या पोटात डिझेल-पेट्रोलचे इंजिन उतरवून चालू करणारे, या तिघांचाही वैरी हाच. हायड्रोजन सल्फाइड हा याचाच भाऊबंद. मैला, शेण, सडलेला पालापाचोळा, चामड्याचे सांडपाणी जिथे कुजते तिथे तो जन्मतो. त्याला सडक्या अंड्याची दुर्गंधी आहे, म्हणून लोकांना वाटते, की वास आला तर पळता येईल. येथेच तो फसवतो. दहा लाख भाग हवेत त्याचे शंभर भाग झाले, की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणूस समजतो, वायू गेला. हजार भागांच्या आसपास एकदोन श्वासांतच तो कोसळतो.

तिसरी रीत जाळण्याची. क्लोरीन, अमोनिया यांसारखे वायू डोळे, घसा आणि फुप्फुसे यांचा ओलावा गाठून तेथे भाजल्यासारखी जखम करतात. फुप्फुसात पाणी भरते, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरावा तसा मरतो. यांतले काही वायू असे आहेत, की त्यांची बाधा लगेच दिसत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि रात्री त्याचा श्वास कोंडतो. म्हणून वायू हुंगलेल्या माणसाला ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर घरी बसवू नये, दवाखान्यात नेऊन नजरेखाली ठेवावे.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, असले वायू माणसाने निर्माणच कशाला करावे? परंतु आज सकाळी आपण जे पाणी प्यालो ते बहुधा क्लोरीनच्याच कृपेने निर्धोक झालेले होते. ग्रामपंचायतीची टाकी ब्लीचिंग पावडरने शुद्ध करतात. तिच्यातून काम करतो तो क्लोरीनच. एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा क्लोरीन शिल्लक राहिला तरी पटकी-विषमज्वराच्या जंतूंपासून आपले रक्षण होते. हाच वायू १७७४ साली शेले नावाच्या औषध विकणाऱ्या रसायनज्ञाला सापडला आणि १८१० साली हम्फ्री डेव्ही याने त्याला त्याचे आजचे नाव दिले. त्याने कापड शुभ्र केले, कागद पांढरा केला, पाण्यामार्फत पसरणाऱ्या साथींना आवर घातला. आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तोच वायू नळकांड्यांत भरून वाऱ्यावर सोडला, तेव्हा हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरपटत खंदकांत उतरला. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड आहे. जीव वाचवायला माणूस ज्या खड्ड्यात दडला होता, त्याच खड्ड्यात तो त्याला शोधत गेला.

या हल्ल्याची योजना करणारा फ्रिट्झ हाबर हा रसायनज्ञ. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती यानेच काढली आणि तिच्यासाठी त्याला १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या शेतात पडणारा युरिया त्या युक्तीचे लेकरू आहे. मुंबईला तुर्भ्याचा आणि अलिबागजवळ थळचा खतकारखाना याच अमोनियावर चालतो. बर्फाचे कारखाने आणि पुष्कळशी शीतगृहे अमोनियावरच थंड होतात. एका माणसाच्या एकाच बुद्धीने कोट्यवधींच्या तोंडात घास घातला आणि हजारोंचा श्वास काढून घेतला. वायूला धर्म नाही आणि नीतीही नाही. तो किती आहे, कुठे कोंडला आहे आणि कोणाच्या हाती आहे, यावरच तो चाकर ठरतो किंवा काळ ठरतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट पोथीतून नव्हे, अनुभवातून ठाऊक होती. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे पिढ्यानपिढ्या होती. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असे ते पेव. भरून तोंड बंद केले, की आतला प्राणवायू हळूहळू संपत जाई आणि कीड जगत नसे. जे किडीला तेच माणसालाही. म्हणून पेव फोडल्यावर कोणी लगेच उतरत नसे. तोंड उघडे टाकून हवा खेळू देत, मग पेटता कंदील दोरीने आत सोडीत. कंदील विझला तर माणूस थांबे. तेवत राहिला तर उतरे.

या रीतीत शास्त्र आहे. प्राणवायू शंभरात १६-१७ भागांच्या खाली गेला की कंदिलाची ज्योत विझते. माणूस कोसळतो तो त्याहून पुष्कळ खाली. म्हणजे कंदील माणसाच्या आधी मरून सूचना देतो. परंतु श्रोतेहो, येथे थांबून नीट विचार केला पाहिजे. पेवासाठी जी परीक्षा खरी, ती प्रत्येक खड्ड्यासाठी खरी नाही. जिथे मैला किंवा शेण कुजले आहे तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. तो माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील खुशाल तेवत राहील. जिथे इंजिनाचा धूर कोंडला आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचीही साक्ष कंदील देणार नाही. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात तर निम्म्याहून अधिक भाग मिथेन, म्हणजे जळणारा वायू; तिथे पेटता कंदील सोडणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी ओढणे. खाणींतील मिथेनचा स्फोट टाळण्यासाठीच डेव्हीने १८१५ साली जाळीचा दिवा केला. तेव्हा कंदील तेवतो म्हणजे हवा शुद्ध, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. आज प्राणवायू, जळणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड अशा चौघांची साक्ष एकाच वेळी देणारे मुठीत मावणारे यंत्र मिळते. एकेका घराला ते परवडणार नाही. परंतु चार गावांनी मिळून एक घेतले, तर ते अशक्य नाही.

आता विहिरीतून वर येऊन रस्त्याकडे पाहू. वरवे बुद्रुक पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. इकडे पुणे, तिकडे नीरेपलीकडे शिरवळची औद्योगिक वसाहत. रात्रंदिवस टाक्यांच्या गाड्या आपल्या दारावरून धावतात. त्यांत दूध असते, तेल असते, आणि कधी वायूही असतो. धोक्याचा माल वाहणाऱ्या गाडीच्या पाठीवर एक फलक असावा, असा मोटारवाहनांचा नियम आहे. त्यावर चार आकड्यांची संख्या असते. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे निर्जल अमोनिया. गाडी उलटली, तर पाहावयास धावू नये; लांबून तो आकडा वाचावा आणि ११२ किंवा १०१ वर कळवावा. एवढ्याने बंबवाल्यांचा अर्धा गोंधळ वाचतो.

आकडा आणि नाव कळण्याला आम्ही एवढे महत्त्व का देतो? भोपाळमुळे. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र उलटून ३ तारीख लागत असता युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला. सेव्हिन नावाचे कीटकनाशक करण्यासाठी तो लागे. टाकीत सुमारे ४० टन साठा होता. त्यात पाणी शिरले आणि टाकी तापत गेली. ती थंड ठेवणारे यंत्र बंद होते, निसटता वायू जाळणारी ज्योत बंद होती, तो धुऊन काढणारा मनोराही कामास आला नाही. कामगाराने दिवसभर सोसावा असा या वायूचा अंश दहा लाख भाग हवेत एक पन्नासांश भाग एवढाच मानला आहे. तो झोपलेल्या शहरावर पसरला. काही हजार माणसे मेली. बाधितांची संख्या सरकारी दप्तरातच पाच लाखांवर गेली. डॉक्टर धावून आले, परंतु वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितले नाही. लोक जिवाच्या आकांताने पळाले. वारा कोणत्या दिशेला वाहतो हे पाहावे, एवढेही त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. त्या कारखान्यात उरलेला ३३७ टन विषारी कचरा शहराबाहेर नेऊन जाळण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

या दुःखातून काही कायदे जन्मले. १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याचा माल करणाऱ्याने त्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीलाही दिली पाहिजे, असे ठरले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या संकटाची योजना जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तयार ठेवावी, असे सांगितले. तेव्हा कारखान्याच्या शेजारच्या ग्रामपंचायतीने ‘तुमच्याकडे कोणता वायू आहे, भोंगा कसा वाजेल, आम्ही कोणीकडे जावे’ हे विचारणे म्हणजे उद्योगाशी वैर नव्हे. तो आपला हक्क आहे. आणि चांगला कारखानदार या प्रश्नाने रागावणार नाही.

परंतु कायदा कागदावर राहिला तर काय होते, तेही पाहा. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीला, बंदराच्या हाजी बंदर भागात, वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या क्लोरीनच्या नळकांड्यांपैकी एक गळू लागले. शंभरावर माणसांना बाधा झाली. त्यांत विद्यार्थी होते, आग विझविणारे जवानही होते. कोणी शत्रूने हा हल्ला केला नव्हता. ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शौचकूप उपसणाऱ्यांचे डोळे कसे जातात हे त्याने नोंदविले. तीनशे वर्षांनंतरही आपल्या शहरांत गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत माणसे उतरविली जातात आणि मरतात. ती कोणत्या जातींची असतात, हे येथे कोणाला सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला अशा जागी उतरविणे हा गुन्हा ठरविला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्यास सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. परंतु टाकी आपल्या वाड्याची असते, सोसायटीची असते, आणि ‘जरा उतरून बघ रे’ हे शब्द आपल्याच तोंडून निघतात. विहिरीत आपला माणूस पडला की आपण स्वतः उडी घेतो. गटारात मात्र दुसऱ्याला पाठवितो. दोन्हीकडे अज्ञान एकच आहे. परंतु दुसऱ्या ठिकाणी अज्ञानाबरोबर निष्ठुरताही आहे.

आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो.

विहीर, टाकी, पेव, गोबरगॅसचा खड्डा यांत परीक्षा केल्यावाचून कोणी उतरू नये. आधी तोंड उघडे ठेवावे आणि पंख्याने किंवा भात्याने वरून ताजी हवा तळापर्यंत पोचवावी. इंजिन सदैव वर ठेवावे. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला असावा, आणि त्याचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या दोघा धट्ट्याकट्ट्यांच्या हाती असावे. त्या दोघांनी काहीही झाले तरी आत उतरावयाचे नाही, असे आधीच ठरवावे. तोंडाला फडके बांधल्याने प्राणवायू निर्माण होत नाही, हे ध्यानात ठेवावे. खालचा माणूस बोलेनासा झाला, की प्रश्न न विचारता ओढावे. दोर नसेल, तर ११२ वर कळवावे, वरून हवा सोडावी आणि गळ-दोर आणावा. उडी घेऊ नये.

उघड्यावर वायू सुटला, तर वाऱ्याकडे तोंड करून पाहावे आणि वाऱ्याला आडवे होऊन दूर जावे. क्लोरीन जड आहे. ओढ्यात, तळघरात लपू नये, उंचावर जावे. अमोनिया हवेहून हलका खरा, परंतु टाकीतून सांडताना तो अतिथंड असतो आणि तोही काही वेळ जमिनीलगत पसरतो. हे दोन्ही वायू पाण्यात विरतात, म्हणून नाकाशी ओले फडके धरल्यास पळावयास थोडा अवधी मिळतो. पळण्यासाठी मिळतो, थांबण्यासाठी नव्हे.

आणि घरात? ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे तेजाब कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन निघतो. धान्यात टाकण्याच्या सेल्फॉसच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद गोदामात जाणत्या माणसाने वापरावी अशी ती वस्तू आहे. निजण्याच्या खोलीतल्या कोठीत तिला जागा नाही.

श्रोतेहो, आपल्याकडे शौर्याची कल्पना उडी घेण्याशी जोडलेली आहे. जो मागेपुढे न पाहता उतरला तो मर्द, आणि जो दोर शोधीत राहिला तो भित्रा, असे आपल्या मनात कुठेतरी बसलेले असते. वाकडीच्या विहिरीवरून आपण शिकावयाचे ते हेच, की दोर शोधणारा भित्रा नसतो. ज्याला दुसऱ्याचा जीव खरोखर वाचवावयाचा आहे, त्याने आधी आपला जीव शाबूत ठेवला पाहिजे, कारण दुसऱ्याला वर ओढणारे हात त्याचेच आहेत. उद्या आपल्या गावात एखादी विहीर उपसावयास निघेल. तेव्हा काठावर उभ्या असलेल्यांपैकी एकाने जरी ‘थांबा, आधी दोर आणा’ एवढे म्हटले, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.